तळटीप : अ‍ॅम्फेटामिनचा देहातील मुक्काम

* गणिती पॉल एर्डश यांनी १९७९ साली, स्नेही रोनाल्ड ग्रॅहम यांच्याशी लागलेल्या ५०० डॉलरच्या पैजेखातर, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या महिनाभर वर्ज्य केल्या, हा वरील मजकूर वाचून त्या औषधाचा अंश महिनाभर देहात रेंगाळत असावा असा ग्रह होण्याचा संभव असल्यामुळे थोडा खुलासा आवश्यक वाटतो. साध्या गोळीचा अंमल चार ते सहा तासांत ओसरू लागतो. परंतु अंमल ओसरणे आणि औषध देहाबाहेर जाणे या भिन्न गोष्टी होत. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सामान्यतः दहा-बारा तास लागतात, आणि निम्म्याचे निम्मे या हिशेबाने दोन-अडीच दिवसांनी जेमतेम तीन टक्के शिल्लक उरते. ही मुदत सर्वांची सारखी नसते. कारण या द्रव्याचा बराचसा भाग यकृतात न मोडता मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि म्हणून मूत्र आम्लधर्मी असेल तर निचरा त्वरित होतो, उलट खाण्याच्या सोड्यासारख्या पदार्थाने ते अल्कधर्मी झाले असेल, तर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतून तेच द्रव्य पुन्हा रक्तात शोषले जाऊन त्याचा मुक्काम दुपटीहूनही लांबतो. रिटालिन या दुसऱ्या उत्तेजक औषधाचे मात्र यकृतात विघटन होते व दोन-तीन तासांतच ते निम्मे उरते. अ‍ॅम्फेटामिनयुक्त औषधे घेणाऱ्या वाचकांनी सोडा वा तत्सम क्षार पोटात घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे. — संपादक