औंधच्या वाटेवर

सोलापूरच्या मनुष्यास दोन दिवसांची सुटी मिळाली आणि डोंगर पाहण्याची इच्छा झाली, तर त्याची दृष्टी बहुधा तुळजापूरच्या घाटाकडे वळते किंवा नळदुर्गाकडे. पश्चिमेस मंगळवेढे, सांगोले, आटपाडी असा माणदेश ओलांडून औंधास जाणारा रस्ता त्यास सहसा सुचत नाही. वस्तुतः हा सुमारे दोनशे किलोमीटरांचा प्रवास शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत येण्याजोगा आहे. शिवाय इतिहासाच्या जिज्ञासूस या वाटेवर जे पाहावयास मिळते, ते केवळ डोंगर आणि वाडे नव्हे. राज्यकर्त्याने माणसावर किती विश्वास टाकावा, या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे या रस्त्याच्या दोन टोकांस एकाच काळी दिली गेली.

पहिले उत्तर सोलापुरातच आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढली आणि सोलापुरास तारांच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या वस्तीच्या नावात आजही टिकून आहे. कैकाडी, पारधी, भामटे अशा जमातींच्या कुटुंबांना तेथे ठेवीत, हजेरी घेत आणि पुष्कळांना शहरातील गिरण्यांत कामास धाडीत. कुंपणाआड जन्मलेल्या मुलाचा अपराध काय, असा प्रश्न विचारला तर कायद्याचे उत्तर एकच होते : त्याचा जन्म. याच शहरात 12 मे 1930 पासून लष्करी कायदा पुकारला गेला, आणि गांधी टोपी घालणे हेही शिक्षेस पुरेसे कारण ठरू लागले. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फासावर गेले. संशय हाच जेथे राज्याचा पाया, तेथे कुंपण आणि फास ही दोन्ही त्याच पायावरची बांधकामे होत.

हे मनात ठेवून शहर सोडावे. मंगळवेढे ही चोखोबांची आणि दुष्काळात कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची भूमी. सांगोले मागे पडले की झाडी विरळ होते, माळ पसरत जातात, आणि क्षितिजावर महादेवाच्या डोंगररांगांच्या निळसर रेषा उमटू लागतात. पुढे आटपाडी लागते. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. परंतु 1948 पर्यंत ती औंध संस्थानाची होती. हे संस्थान अखंड नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे चार तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले, आणि सर्व मिळून गावे अवघी 72.

आटपाडीच्या माळावर दुसरे उत्तर उभे आहे. त्याचे नाव स्वतंत्रपूर. 1939 साली औंधाधिपतींनी येथे शिक्षा झालेल्या बंद्यांची वसाहत वसविली. तीस उंच तट नव्हता. बंद्यांनी येथे आपल्या कुटुंबासह राहावे, जमीन कसावी, आणि पळून न जाण्याचे दायित्व स्वतःच्या मनावर घ्यावे, अशी योजना होती. कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याची. तो हिंदुस्थानात येऊन भारतानंद या नावाने ओळखला जाऊ लागला आणि युवराज अप्पासाहेब पंत यांच्या स्नेहामुळे औंधास आला. ही खुली वसाहत आजही चालू आहे. संस्थानी मुलखातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे तिच्यावरून कथा रचली, आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट 1957 साली निघाला.

आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. सोलापुरात ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नव्हता असे स्त्री-पुरुष व लेकरे कुंपणात होती. आटपाडीस ज्यांचा गुन्हा न्यायासनासमोर शाबीत झाला होता ते मोकळ्या रानात होते. आणि हे एकाच वेळी, सव्वाशे किलोमीटरांच्या आत! सोलापूरचे कुंपण कायद्याने निघाले ते 31 ऑगस्ट 1952 रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळूनही पाच वर्षे लोटल्यावर.

आटपाडीहून दिघंचीवरून म्हसवडास यावे. ब्रिटिश अमदानीत दुष्काळी कामातून बांधलेला विस्तीर्ण तलाव येथून जवळच आहे. पुढे गोंदवले, दहिवडी आणि वडूज ही गावे ओलांडली की औंधचा डोंगर व त्यावरील यमाईचे तटबंदीचे मंदिर दिसू लागते.

औंधचे घराणे पंतप्रतिनिधींचे. छत्रपती राजाराममहाराज जिंजीस असता राज्याच्या संकटकाळी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. प्रथम ते प्रल्हाद निराजींस मिळाले आणि पुढे किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या वंशात स्थिरावले. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी उभा राहणारा. याच वंशातील भवानराव ऊर्फ बाळासाहेब 1909 साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ त्यांनी दिला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पंडित सातवळेकरांस त्यांनी आश्रय दिला. डोंगराच्या मध्यावर त्यांनी 1938 साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपासून इंग्लंडच्या हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत संग्रह आहे. एवढ्याशा संस्थानाच्या उत्पन्नातून हे जमले कसे, याचे नवल वाटते.

परंतु बाळासाहेबांचे सर्वांत मोठे काम या दालनांत टांगलेले नाही. 1938 च्या अखेरीस त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना सिद्ध झाली, आणि जानेवारी 1939 मध्ये ती अंमलात आली. गावच्या प्रौढांनी पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी आणि त्यांवर विधिमंडळ उभे राहावे, अशी तिची रचना होती. सत्तेचा उगम वाड्यात नव्हे, गावच्या चावडीत, हे तिचे सूत्र होय.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते पोकळ नाहीत. बहात्तर गावांचा प्रयोग एवढ्या मोठ्या देशास काय शिकविणार, असे कोणी म्हणेल. सत्ता प्रजेने घेतली नाही, राजाने दिली. तेव्हा ती राजाच्या चांगुलपणावर अवलंबून राहिली, असेही म्हणता येईल. 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले आणि अवघ्या नऊ वर्षांत प्रयोग आटोपला, हे तर निर्विवादच आहे. तथापि कालावधीवरून प्रयोगाचे मोल ठरत नाही. 1942 नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारची पाळेमुळे औंधच्याच कुंडलात रुजली, हे केवळ योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. आपला कारभार आपण चालविण्याची सवय तेथील गावकऱ्यांच्या अंगी आधीच लागली होती.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) धनगरांनी बांधलेल्या तालमीसाठी राजा खेड्यात येतो. त्या राजाच्या मागे बाळासाहेबांची सावली आहे, हे औंध पाहिलेल्या वाचकास सांगावे लागत नाही.

सायंकाळी यमाईच्या पायऱ्यांवरून पूर्वेकडे पाहिले म्हणजे माळामागून माळ पसरलेले दिसतात. त्यांच्या पलीकडे, दृष्टीच्या टप्प्याबाहेर, सोलापूर आहे. तेथे कुंपण घालणाऱ्यांकडे सैन्य, कायदा आणि जगातील सर्वांत मोठे साम्राज्य होते. येथे तट न बांधणाऱ्याकडे बहात्तर गावे होती. कुंपण गेले. स्वतंत्रपूर अजून आहे. जो एके काळी राजाचा प्रतिनिधी म्हणविला गेला, त्याच्या वंशजाने ते पद लोकांच्या हवाली केले. आज ‘प्रतिनिधी’ हा शब्द आपण निवडणुकीत सर्रास वापरतो. त्याचा अर्थ मराठी मुलखात प्रथम कोठे पालटला, हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्याने दोन दिवस काढून औंधची वाट धरावी.