टपालाने आलेली हिशेबविद्या

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणां मंडळींना टपालाची थोरवी निराळी सांगावयास नको. परंतु याच टपालाने कुशलवार्तेबरोबर विद्याही घरोघर नेली आणि दिवसभर दुसऱ्याच्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनास व्यापारात वर चढण्याची आशा दाखविली, हा इतिहास सहसा कोणी आठवत नाही.

त्याचा आरंभ इंग्लंडात झाला. १८४० साली तेथे, अंतर कितीही असो, साध्या पत्रास एकच पेनी पडू लागली. त्या सोयीचा लाभ घेऊन आयझॅक पिटमन याने दूरच्या विद्यार्थ्यांस लघुलेखन शिकविले. विद्यार्थ्याने धडा गिरवून पाठवावा, गुरूने तपासून परत करावा, अशी ती रीत होती. पुढे १८८० साली चार्टर्ड अकौंटंटांच्या संस्थेस राजसनद मिळाली, तिच्या परीक्षा सुरू झाल्या आणि त्यांची तयारी टपालाने करून देणाऱ्या खाजगी शिकवण्याही निघाल्या.

मात्र विद्या टपालाने आली, तरी अधिकार टपालाने येत नव्हता. सनदेसाठी एखाद्या पेढीत साधारणतः पाच वर्षे उमेदवारी करावी लागे आणि तीसाठी उमेदवारानेच पेढीला रक्कम मोजावी, असा रिवाज होता. संसारी कारकुनास हे कोठून झेपणार? धंद्याचे दार अधिक लोकांस खुले व्हावे म्हणून १९०४ साली लंडनमध्ये आठ हिशेबनिसांनी वेगळी संस्था काढली. तिनेच १९०९ मध्ये एथेल एअर्स पर्डी या बाईंना सभासद करून घेतले.

आपल्याकडे सर्वत्र सारख्या दराचे, अर्ध्या आण्याचे टपाल १८५४ साली आले. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. १९१८ साली सरकारी पदविका सुरू झाली; पण स्वतंत्र धंद्याच्या परवान्यासाठी तीन वर्षांची उमेदवारी होतीच. १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकौंटंटांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तिने टपालशिक्षण चालविले, तरी उमेदवारीची अट कायम ठेवली.

ती अट अन्यायाची होती असे म्हणवत नाही. वह्या प्रत्यक्ष हाताळल्यावाचून त्यांतील लबाडी ओळखता येत नाही. प्रस्तुत लेखकानेही बदलीच्या गावी, कचेरीतून परतल्यावर, ताळेबंदाचे धडे सोडवून पाठविले आहेत. तांबड्या शाईने तपासलेले कागद परत आले, चुका उमगल्या. पण उमेदवारीसाठी नोकरी सोडणे जमले नाही. ते कागद मात्र अजून जपून ठेवले आहेत. कचेरीतला एखादा तरुण हिशेबाचे कोडे घेऊन येतो, तेव्हा ते उपयोगी पडतात.