शहागंज ते गुलमंडी : जुन्या व्यापारपेठेतील वास्तुरचना आणि भूमिवापर

जमिनीच्या एका तुकड्याचा एकच वापर गृहीत धरण्याची प्रथा आधुनिक नगररचनेने रूढ केली. छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादच्या जुन्या पेठेस हे गृहीतक लागू पडत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. उत्तरेकडील डोंगरांतील पाणी भूमिगत नळांवाटे आणणाऱ्या नहर-ए-अंबरीमुळे तेथे दाट वस्ती शक्य झाली. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत नगरास औरंगाबाद हे नाव मिळाले आणि १६८२ मध्ये तटबंदी उभी राहिली. दिल्ली, पैठण ही दरवाजांची नावेच मार्गांच्या दिशा सांगतात. पैठण दरवाजातून आत येणारा रस्ता गुलमंडीवरून सिटी चौकाकडे जातो. पेठ वाढली ती याच वाटेच्या दोन्ही अंगांनी.

या संदर्भात शहागंजची मशीद विशेष लक्षणीय आहे. सुमारे १७२० मधील ही वास्तू उंच जोत्यावर असून तिच्या तीन बाजूंना बाहेरून दुकाने आहेत. उत्तरेकडून पायऱ्या चढून प्रवेश होतो. खाली क्रयविक्रय, वर उपासना! आजच्या विकास आराखड्यात अशा जागेस कोणता रंग द्यावा, असा प्रश्न पडतो. गुलमंडी व सराफा भागातील जुन्या घरांतही हेच तत्त्व आढळते : रस्त्यालगत दुकान, मागे चौक, वर माडी. व्यापारी पेढीवरच राहत असल्याने दुकाने मिटल्यावरही पेठ निर्मनुष्य होत नसे.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली, तरी पेठ टिकली. १९०० मध्ये रेल्वे आली ती तटाबाहेर. पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोची नवी वस्ती आणि जालना रस्ता यांनी व्यापाराचा काही अंश पूर्वेकडे नेला. तेथे निवास, उद्योग व बाजार यांच्या जागा आरंभापासून वेगळ्या आखल्या गेल्या.

जुन्या पेठेवर याहून खोल परिणाम झाला तो रस्ता रुंदीकरणाचा. २०११ च्या सुमारास मोठी मोहीम झाली. वाहतुकीची निकड नाकारता येत नाही. परंतु रुंदीकरणात प्रथम जाते ते घराचे दर्शनी अंग, म्हणजे नेमके दुकान. उरलेल्या खोलीत चौक आणि माडी यांचा मेळ बसत नाही. मालक मग जुने लाकूडकाम उतरवून सिमेंट-काँक्रीटचे व्यापारी संकुल उभारतो आणि कुटुंब अन्यत्र राहावयास जाते.