नासके लिंबू आणि इटलीतला एक वाद

टोपलीच्या तळाशी राहून काळे पडलेले लिंबू आपण निःशंकपणे उकिरड्यावर फेकतो. तेच लिंबू जरा चोळून मऊ करावे, त्यात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा असे अंतर राखून खोचावेत. मापकावर एक व्होल्टाहून थोडा कमी दाब दिसतो. अशी चार लिंबे ओळीने जोडली की एलईडीचा इवलासा दिवा मिणमिणू लागतो. मुलांना वाटते, वीज लिंबात होती. मुलांनाच कशाला हसावे? याच प्रश्नावर सव्वादोनशे वर्षांपूर्वी इटलीत दोन थोर पंडितांचे बिनसले होते.

बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गाल्व्हानी यांना मेलेल्या बेडकाच्या तंगड्या दोन धातूंच्या स्पर्शाने आखडताना दिसल्या. ही प्राण्याच्या देहातलीच वीज, असे त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले. पाव्हियाचे अलेस्सांद्रो व्होल्टा यांना प्रथम ते पटले. पण पुढे शंका आली. जिभेला दोन निराळे धातू लावून ते एकमेकांस टेकविले की चमत्कारिक चव येते, हे त्यांना ठाऊक होते. मग बेडूक हा केवळ ओला वाहक तर नसेल? त्यांनी प्राणी वगळलाच. जस्त व चांदी यांच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. अखंड वाहणारी वीज माणसाच्या हाती आली ती अशी. त्याच वर्षी निकल्सन व कार्लाइल यांनी तिच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण केले. १८०१ साली नेपोलियनने व्होल्टांचा गौरव केला.

गाल्व्हानींनी हे पाहिले नाही. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे त्यांचे प्राध्यापकपद गेले होते, आणि १७९८ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला.

तथापि व्होल्टाही पुरते बरोबर नव्हते. धातूंचा नुसता स्पर्श वीज देत नाही. आम्लात जस्त झिजते, त्या रासायनिक क्रियेची ती वीज. प्रयोगानंतर खिळा निरखून पाहावा, त्याचा मुलामा खरवडल्यासारखा दिसतो. जळण म्हणजे तो खिळा, लिंबू नव्हे! म्हणूनच नासक्या फळाचेही काम भागते: त्यात आम्ल आणि ओल असली की झाले. उलट दोन्ही बाजूंना तांबेच खोचले, तर उत्तम हापूस आंबाही दिवा लावणार नाही. बटाटा उकडून घेतल्यास त्याचा अंतर्गत रोध कमी होऊन शक्ती पुष्कळ वाढते, असे जेरुसलेमच्या संशोधकांनी २०१० साली दाखविले. आणि गाल्व्हानी? धातूविना, नुसत्या मज्जातंतूच्या स्पर्शाने आखडणारा स्नायू त्यांनीच दाखविला होता. मज्जातंतूंतून जाणारे संदेश विजेचे असतात, हे पुढल्या शतकाने मान्य केले.

प्रयोगास ताजे लिंबू घेतले असेल, तर नंतर त्याचे सरबत मात्र करू नये. त्यात जस्त उतरलेले असते.