शिंपले, बिया आणि मोकळीक



मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय भेट द्यावी, याची चर्चा आपल्या गटावर सुरू आहे. स्मार्ट बोर्ड, संगणक, प्रोजेक्टर अशा सूचना आल्या आहेत. निर्णय होण्यापूर्वी एका जुन्या प्रयोगाचा इतिहास आपल्यापुढे ठेवावासा वाटतो.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तिथे छडी नव्हती आणि बक्षिसांची चढाओढही नव्हती. गाणी, गोष्टी, नाटक आणि चित्रे हाच अभ्यास होता. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभारले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. मोजणी, रंग, आकार सारे मुले त्यांतूनच शिकू लागली. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये पोहोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही पुढे 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते. साधने फुकटची होती, पण शिक्षिकेला मोकळीक होती. आज काय शिकवायचे, कशाने शिकवायचे, कुठे बसायचे, हे ती समोरची मुले पाहून ठरवू शकत होती. मुलांच्या कल्पकतेला वाव मिळाला तो त्यामुळे. आजच्या शिक्षकांचा बराच वेळ माहिती भरण्यात आणि अभ्यासक्रम उरकण्यात जातो. फळा बदलला तरी तास तोच राहिला, तर मुलांच्या हाती नवे काय येणार?

बोर्ड घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पण निधीचा निम्मा भाग वर्गनिहाय वाटावा आणि तो कसा खर्च करायचा हे वर्गशिक्षकांनीच ठरवावे. कुणी माती आणेल, कुणी भिंग, कुणी मुलांना नदीकाठी नेईल. आपल्यातले सुतारकाम, शेती, गाणे जाणणारेही वर्षातून एखादा तास घेऊ शकतील.

मेळाव्याच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.