अलक

‘अति लघु कथा’ या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘अलक’ हा शब्द घडला. संस्कृतातल्या अलकाशी, म्हणजे कुरळ्या बटेशी, त्याचा संबंध नाही. नाव नवे, पण वाट जुनी. तेराव्या शतकात केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. त्यातल्या एकात जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. पाय हाती आलेला म्हणतो खांब, कान हाती आलेला म्हणतो सूप. चार-दोन वाक्यांत अर्धवट ज्ञानाची अख्खी गोष्ट उभी राहते. पुढे वि. स. खांडेकरांनी रूपककथेतून हाच संक्षेप जोपासला. अलकेला शेवटच्या ओळीत नुसता धक्का देऊन भागत नाही. वाचून झाल्यावर ती मनात वाढत गेली पाहिजे. अशा कथेला लांबी मोजून कमी लेखू नका.