चढती हवा आणि २६ जुलै

एका शहरांत पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, ही समजूत २६ जुलै २००५ च्या मंगळवारानें खोटी ठरविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां मोजणी झाली, तेव्हां सांताक्रूझ येथें मागील चोवीस तासांचा पाऊस ९४४ मिलिमीटर भरला. १८२६ सालीं स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेंत तो अवघा ७३ मिलिमीटर होता. दोन्ही ठिकाणांमध्यें पुरते तीस किलोमीटरहि अंतर नाहीं. समुद्र एक, वारा एक, मग असा भेद कां पडावा?

याचें उत्तर हवेच्या तोलांत आहे. हवा वर चढूं लागली कीं तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते व निवते. कोरडी हवा दर किलोमीटरास सुमारें १० अंश सेल्सिअस निवते. परंतु ती बाष्पानें पूर्ण भरली म्हणजे त्या बाष्पाचें पाणी होऊं लागतें, आणि दर ग्रॅममागें सुमारें ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. समुद्राचें पाणी आटवितांना सूर्यानें खर्चिलेली हीच ती उष्णता होय. तिच्यामुळें चढती हवा सावकाश निवते. भोंवतालची हवा तिच्याहून थंड असली, तर पाण्यांत दाबलेल्या लांकडासारखी ती आपोआप वर उसळते. या बिघडलेल्या तोलास अस्थिरता म्हणतात. अरबी समुद्रावरून ओल येत राहिली, म्हणजे ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याचा पसारा मात्र थोडाच असतो. म्हणूनच त्या दिवशीं उत्तरेस प्रलय आणि दक्षिणेस साधा पाऊस झाला.

त्या आपत्तींत महाराष्ट्रांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं.

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांमध्यें वसलेल्या नवी मुंबईस या हकीकतीचा विशेष अर्थ आहे. तिची बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खालीं आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें म्हणून येथें डच पद्धतीचीं धारण तळीं बांधलीं. भरतीच्या वेळीं झडपा मिटतात व पावसाचें पाणी तळ्यांत थांबतें. ओहोटी लागली कीं तें खाडींत जातें. परंतु ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरावर ९४४ लिटर पाणी! तळ्यांत गाळ सांचला असेल, तर तें राहणार कोठें? ढग कोणत्या वस्तीवर चढेल, हें माणसाच्या हातीं नाहीं. गाळ उपसणें मात्र आहे.